दर शनिवारी मोहन्याला

ठाकुर्ली,
मंगळवार

प्रिय मालूआत्या,

पत्र बघून घाबरू नको. सगळे बरे आहेत, बाबांचं बीपी पण कंट्रोलमध्ये आहे. पाकीट त्यांच्याच हातून पाठवतेय, पण चिकटवून. त्यांचं 'काय लिवलंय, काय लिवलंय' चालू असेल, देऊ नको त्यांना. आधी तू वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तू बोट ठेवून वाचतेस ना म्हणून. माझं मराठी लिहिणं म्हणजे तुला माहितीच आहे, बारावीपर्यंत इंग्लिश मीडियम, र्‍हस्व-दीर्घ सगळं देवावर. फोनवर सांगणार होते. दोनदा केलाही. पण तू पहिलं विचारतेस 'जेवलीस का गो', आणि मग माझ्या तोंडून पुढचं काही निघतच नाही.

कोळीवाड्याच्या मंडळाने रविवारी माझा सत्कार ठेवलाय ना, त्याबद्दल आहे. मंडळाच्या भावनाचा परवा फोन आलेला. एकदम उड्या मारत होती. म्हणे, 'ताई, ज्या निबंधावर तुला ती बाहेरची स्कॉलरशिप मिळाली ना, तो वेबसाइटवर सापडला मला! शनिवारी बसून मराठीत करते आणि मंडळाच्या स्टेजवरून वाचते. मालूकाकूला पहिल्या लाइनीत बसवायचं, तिने नवीन लुगडं पण काढलंय.' मी 'अरे वा' म्हटलं आणि फोन ठेवला.  आत्या, त्या निबंधात तू आहेस. आणि जशी आहेस तशी नाहीयेस.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुला काही कळणार नाही. मी ठाण्याच्या ऑफिसात नक्की काय करते ते तू शंभर वेळा विचारलंस आणि मी शंभर वेळा 'आफ्रिकेवर रिसर्च' एवढंच म्हटलं. तू एकदा म्हणालेलीस, 'आफ्रिकेन मावरं मिलतं का गो? तर तुजा रिसर्च मना समजल.' मी हसलेले. मिळतं गं. मलावी नावाचा देश आहे, तिथे समुद्र नाही पण समुद्रासारखं सरोवर आहे, आणि त्याच्या काठावर बायका बारीक मासे बांबूच्या मांडवावर वाळत घालतात. फोटो बघितला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, अरे, हे तर आपल्या बंदरावरचं! तिथल्या गावांमधल्या सहाशे घरांत जाऊन आमच्या टीमने मुलांची माहिती घेतली. शाळेत किती दिवस जातात, लशी घेतल्यात का, दंडाचा घेर किती, घरात काय काम करतात, कोणाजवळ राहतात. घरोघरी फिरणारी तिथलीच एक मुलगी आहे, चिसोमो. ती उन्हातान्हात फिरून लिहायची आणि मी इथे एसीत बसून तिची माहिती साफ करायची. साफ म्हणजे चुका काढायच्या, नको ते उडवायचं, सगळं खान्याखान्यात बसवायचं.

मला हे काम जाम आवडतं, आत्या. खरंच. कॉलेजात असल्यापासून मला वाटायचं की शिक्षण, आरोग्य, गरिबी ह्या गोष्टी नीट मोजल्या ना, की नीट सुटतील. मी ढीगभर पेपर वाचले. त्यात एक गोष्ट सारखी यायची: आईबापांपासून लांब, नातेवाइकांकडे वाढणारी मुलं. तिकडे ते खूप चालतं. शाळा जवळ पडते म्हणून, घरात खाणारी तोंडं जास्त म्हणून. पेपरांमध्ये अशा मुलांना 'वंचित' म्हणायचे, काही जण तर सरळ घरकामाला ठेवलेली मुलं म्हणायचे. वाचताना मी एकदम ताठ बसायचे. वाटायचं, हे तर माझ्याबद्दल आहे! मोहन्याचा कारखाना बंद पडला, बाबा घरी बसले, आणि आठ वर्षांची मी कोपरीला तुझ्याकडे आले. मी म्हणजे चालताबोलता डेटाच की.

मग स्कॉलरशिपचा फॉर्म आला. आमच्या ऑफिसच्या मृणाल मॅडम म्हणाल्या, 'जागृती, मार्क सगळ्यांना असतात गं. त्यांना स्टोरी लागते. तुझी स्टोरी लिही.' मी एका बैठकीत लिहिली. काय लिहिलं ते इथे मराठीत लिहिते, म्हणजे रविवारी किंवा नंतर कधी दुसऱ्या कोणाच्या तोंडून नको. मी लिहिलं की आठव्या वर्षी मला एका अशिक्षित मासे विकणाऱ्या नातेवाईक बाईकडे देऊन टाकलं. मी लिहिलं की शाळेत जायच्या आधी पहाटे मला कोळंबी सोलायला बसवायचे आणि वर्गात माझ्या हातांना वास यायचा. आणि मी लिहिलं की शनिवारी-रविवारी त्या घरातसुद्धा मला जागा नसायची, मला घराबाहेर पाठवून द्यायचे.

थांबू नको, आत्या, पुढे वाच.

कोळंबीचं तुला पण आठवत असेल. मीच रडून मागितलेली. तुझ्या मैत्रिणी सकाळी सोलायला बसायच्या आणि काय एकेकीचे किस्से असायचे, मला ते ऐकायचे असायचे. तू मोजून दहा कोळंब्या द्यायचीस, अकरावी कधी दिली नाहीस. आणि मग माझे हात ओढून लिंबाने चोळायचीस, खोबरेल लावायचीस, वास घेऊन बघायचीस आणि म्हणायचीस, 'जा आता, इंग्लिश मॅडम.' वास यायचा तो लिंबाचा. हे मला निबंध लिहितानासुद्धा माहीत होतं. अशिक्षित लिहिताना पण माहीत होतं की चौथीपर्यंत शिकलेली बाई माझ्या इंग्लिश पुस्तकांना कव्हर घालून त्यावर माझं नाव बघून बघून काढायची. लिहिताना वाटलं, पूर्ण खोटं कुठे आहे, थोडं वळवलंय. ते लोक लांब आहेत. तू इंग्लिश वाचत नाहीस. हा विचार माझ्या मनात आला होता, आत्या. तू वाचणार नाहीस म्हणून मी लिहू शकले.

शनिवारचं मात्र मी खोटं म्हणून लिहिलं नव्हतं. ते मला खरंच वाटायचं. पंधरा वर्षं वाटायचं. शनिवारी शाळा सुटली की माझी पिशवी तयार असायची, त्यात तो निळ्या झाकणाचा डबा, कधी सुकट, कधी बोंबील, आणि मी मोहन्याला, आमच्या तेव्हाच्या घरी आईबाबांकडे. मी म्हणायचे नको, इथेच राहते, उद्या सगळे मिळून खेळणार आहेत. तू ऐकायची नाहीस. एकदा ताप होता तरी तू मला स्वतः घेऊन गेलीस, दारात सोडलंस, आईच्या हातात डबा दिलास आणि पाणीसुद्धा न पिता परतलीस. मला वाटायचं, आठवडाभर सांभाळून कंटाळते ही. पाहुणी असते ना, तशी मी.

आता चिसोमोचं ऐक. तिच्या फॉर्ममध्ये शेवटी एक कॉलम होता, 'इतर'. घरातली माणसं प्रश्न सोडून जे बोलायची ते ती तिथे लिहायची. मी तो कॉलम पहिल्याच आठवड्यात उडवलेला. मोजता येत नाही ना, म्हणून. आणि जी मुलगी आत्या-मावशीकडे राहते आणि घरात काम करते, तिच्यासमोर मी 'घरकामगार' असा कोड टाकला. एकशेबारा मुली. महिन्याभरापूर्वी व्हिडिओ कॉलवर मी सगळ्यांना तो आकडा दाखवला, जाम खूश होते मी. चिसोमो हसून म्हणाली, 'जागृती, सगळे प्रश्न ऑफिसचे होते. माझा स्वतःचा एकच कॉलम होता, तो तू फेकलास? त्या एकशेबारामध्ये तू मला पण मोजलं असतंस. मी आत्याकडेच वाढले.' सगळे हसले. मी पण हसले, दाखवायला.

जुनी फाइल काढली आणि तो कॉलम वाचत बसले. सगळंच गोड नाही त्यात, तुला उगाच काहीतरी सांगत नाही. काही घरांत पोरींना खरंच राबवतात, शाळा नाही, लस नाही, मारतातसुद्धा. ते मोजायलाच हवं. पण मी सगळ्यांना एकाच खान्यात कोंबलं होतं. वाचता वाचता दोनशे सतरा नंबरचं घर आलं. सरोवराकाठची मासे वाळवणारी बाई, भावाची मुलगी तिच्याजवळ राहते. चिसोमोने लिहिलेलं, ही बाई म्हणते: 'दर शुक्रवारी मी हिला हिच्या आईकडे पाठवते. ती रडते, तरी पाठवते. मध्ये ती मला आई म्हणायला लागली होती. मला गोड वाटलं. पण मग माझ्या वहिनीकडे काय उरलं?'

आत्या, मी खुर्चीतून उठले आणि जिन्यात जाऊन बसले. कारण मला ती दुपार आठवली. मी तिसरीत होते. तू ओट्याशी उभी होतीस, पाठमोरी, आणि मला पाणी हवं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, 'आई, पाणी दे ना.' तू वळलीस. पाणी दिलंस. माझ्या डोक्यावर हात ठेवलास, बराच वेळ ठेवलास. आणि त्याच शनिवारपासून माझी पिशवी भरायला लागलीस. त्याच्या आधी मी कधीच शनिवारी मोहन्याला गेले नव्हते. ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या आणि मी, मोजमापाची एवढी हुशार, पंधरा वर्षं त्या जोडल्या नाहीत. मलावीतल्या एका बाईने, जिचं नावसुद्धा मला माहीत नाही, तिने जोडून दिल्या.

काल आईला सगळं सांगितलं. निबंधासकट, शनिवारसकट, फक्त ती पाण्याची दुपार सोडून. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, 'मालूने ते माझ्यासाठी केलं. मला तेव्हाच कळलेलं. आम्ही दोघी कधी बोललो नाही त्यावर, बोलण्यासारखं काय होतं? तिने डबा पाठवायचा, मी रिकामा परत नाही पाठवायचा, एवढंच.' मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'तुला एवढं शिकवलं ते हे लिवायला?' तिने ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ऑफिसात मी तो कॉलम परत लावलाय आणि त्या एकशेबारा मुलींची घरं पुन्हा एकेक करून वाचतेय. स्कॉलरशिपवाल्यांना मेल केला की निबंधातल्या ह्या ह्या ओळी खऱ्या नाहीत. मृणाल मॅडम चिडल्या, म्हणाल्या, 'सगळेच थोडं मीठमसाला लावतात, एवढं काय!' स्कॉलरशिपवाल्यांचं उत्तर आलंय की विचार करून कळवतो. कदाचित काढून घेतील. घेऊ देत, असं मोठेपणाने लिहिणार होते, पण मला तिकडे शिकायला जायचंय गं, खूप जायचंय. तरी मेल केला.

वेबसाइटवरून निबंध काढायला सांगितलाय, पण भावनाच्या फोनमध्ये तो आहेच. तिला म्हटलं, तू नको वाचू, रविवारी स्टेजवर मीच बोलते. तिला वाटलं मी भाव खातेय. तिथे उभं राहून मला सगळ्या कोळीवाड्यासमोर सांगायचंय की मी काय लिहिलं आणि खरं काय होतं, कोळंबी, लिंबू, शनिवार, आणि ती पाण्याची दुपारसुद्धा. पण ती दुपार तुझी आहे. तू ती आईलासुद्धा सांगितली नाहीस. तुझ्याबद्दल एकदा मी तुला न विचारता लिहिलं, आत्या. दुसऱ्यांदा न विचारता बोलणार नाही, चांगलं असलं तरी नाही. म्हणून हे पत्र. तू नको म्हणालीस तर मी नुसती नमस्कार करून खाली उतरेन, आणि सत्कारच नको म्हणालीस तर मंडळाला तसं कळवेन. माफी मागत नाहीये, ती तुझ्यासमोर उभी राहूनच मागायला पाहिजे. शनिवारी येते. आईला म्हटलं, ह्या वेळेस तू मला आत्याकडे पाठव. तिने निळ्या झाकणाचा डबा काढून ठेवलाय. त्यात काय भरणार ते सांगत नाही. दार उघडायचं की नाही ते तू बघ, डबा मात्र आत घे, नाहीतर आई मला घरात घेणार नाही.

तुझीच,
आणि तू पाठवत राहिलीस म्हणून आईचीसुद्धा,
जागृती