टायरोसिनचा शेवटचा परिच्छेद

रविवार, ३ मार्च

आला लेख! पेपरातल्या माझ्या आहाराच्या सदरात या खेपेला टायरोसिन. हे अमिनो आम्ल खाल्लं नाही तरी शरीराचं अडत नाही. फेनिलअ‍ॅलानिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लापासून ते घरच्या घरी करून घेतं. म्हणून पुस्तकांत याला सावत्र वागणूक. पण मेंदूची उमेद, थायरॉइडचा रस, कातडीचा रंग — सगळ्यांना कच्चा माल याचाच. मिळतं कशात? दूध, चीज, अंडी, मासे, सोयाबीन, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया.

छापून आलेलं मी वाचत नाही. आपलंच उष्टं कोण खातो! धाकट्या बहिणीच्या सासूबाईंचा मात्र फोन आला. इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं म्हणाल्या. दिवसभर छाती दोन बोटं पुढे.

बुधवार, ६ मार्च

जस्तावर लिहायला घेतलंय. जस्तात विनोद सापडत नाही.

मंगळवार, १२ मार्च

जस्त गेलं चुलीत.

धाकटीचा फोन. ठमीच्या — माझ्या नऊ वर्षांच्या भाचीच्या — रक्तात फेनिलअ‍ॅलानिन तिप्पट झालंय. त्याचं टायरोसिन करणं तिच्या शरीराला जन्मापासून जमत नाही. ते साठतं आणि मेंदूला त्रास देतं. म्हणून दूध, डाळी, दाणे बंद. त्याऐवजी डॉक्टरांनी दिलेली पावडर, तिच्यातच टायरोसिन घातलेलं. ते घाण वासाचं पेय पोरगी नाक दाबून रोज पिते. आणि आता वर्गात शून्यात बघत बसते. नवाचा पाढा विसरली. बाईंच्या अंगावर पेन्सिल फेकली.

कारण? सासूबाई! शाळेतून आली की वाटीभर दाणे नि पेलाभर दूध, गुपचूप, आठवडाभर. धाकटीने धारेवर धरलं तर त्यांनी उशीखालून कात्रण काढलं. माझ्या लेखाचं! म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात हिला टायरोसिन कमी पडतं. मामा लिहितो ते दाण्या-दुधात असतं. मग पोरीला का नाही द्यायचं? प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण — सगळं जागच्या जागी. न्यायशास्त्राच्या गुरुजींनी पाठ थोपटली असती. फक्त पोरगी आजारी.

"दादा, आमच्या ठमीसारख्यांसाठी एक ओळ लिहायची होतीस रे," धाकटी म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

ओळ? अख्खा परिच्छेद होता! शेवटचा. या पदार्थांत फेनिलअ‍ॅलानिनही भरपूर असतं, अशा मुलांना ते देऊ नयेत, टायरोसिन पावडरीतूनच द्यावं. आत्ता पेपर काढून पाहिला. नाही! जागा कमी पडली की डेस्कवरचे लोक लेख खालून छाटतात, हे ठाऊक होतं. पण हे? व्याकरणात एक अक्षर गाळायलाही सूत्र लागतं. इथे कात्री पुरते.

बुधवार, १३ मार्च

कचेरीत जाऊन उपसंपादक बाईंच्या टेबलावर हस्तलिखित आपटलं. चहा सांडला. शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवून वाचून दाखवलं, सगळ्या डेस्कला ऐकू जाईल असं.

"काका, आलं तेवढं छापलंय," ती टेबल पुसत म्हणाली. "तुमच्या सदराला आम्ही हात लावत नाही."

म्हटलं, बाळ, मांजरसुद्धा दुधाला हात लावत नाही, तोंड लावतं. कुणी हसलं नाही. तुमची मेल शोधते म्हणाली. कष्ट घेऊ नका म्हटलं. संपादक मऊ आहेत. रविवारी पहिल्या पानावर खुलासा द्यायला कबूल झाले. 'संपादकीय विभागाच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द मीच सांगितले. त्यांनी उतरवून घेतले, आणि बाईंकडे पाहिलं.

गुरुवार, १४ मार्च

ठमीला भेटून आलो. पथ्य कडक पाळलं तर पातळी उतरेल म्हणतात डॉक्टर. दर आठवड्याला तपासणी. टोचून टोचून बोटांची चाळण झालीय. तिने दाखवली, कौतुकाने.

मग कानाशी येऊन, "मामा, दाणे इतके छान लागतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."



घरात सासूबाईंशी कुणी बोलत नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप, किल्ली धाकटीच्या कमरेला. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं की चूक पेपरवाल्यांची आहे. आतून सासूबाईंचा आवाज आला, "भरवलं मीच ना, दादा." बाहेर काही आल्या नाहीत.

त्या डेस्कला सोडणार नाही.

शुक्रवार, १५ मार्च

बाईंनी माझीच मेल मला परत पाठवलीय. सोबत एक शब्दही नाही.

सदराला ठरलेले चारशे शब्द, मोजून. शेवटचा परिच्छेद नाही.

आठवलं. टाइप करताना लेख लांबला होता. असा आजार हजारो मुलांत एखाद्याला, आणि आपल्या घरात तर सगळ्यांना ठाऊकच आहे — असं म्हणून मीच काढला.

संपादकांना कळवलं : खुलाशात माझं नाव घाला. बाईंची माफी मागितली. मग धाकटीला फोन लावला आणि म्हटलं, आधी सासूबाईंना दे.