लाखी पान्हा चोरते

हूरबाई,

तू डेअरीत दूध घालायला गेलीस, तेवढ्यात लिहितेय. चाळीस वर्षं म्हशी सांभाळल्या मी, आणि आज लाखीनं मला पाहून कान ताठ केले. चुचकारलं, सरकी घातली, पण बयेनं पान्हा चोरला तो चोरलाच. मग तू पाण्याचा हंडा उतरवून आलीस, तिच्या गळ्याखाली खाजवलंस. लगेच तिनं कान ढिले सोडले, मान लांब केली, डोळे मिटले. पहिल्याच धारेला बादली वाजली. तू हसली नाहीस, तेच जास्त लागलं.

‘भुज शहरातली पोर, हिचे हात काय कामाचे?’ हे लग्नात मीच म्हणाले होते. लाखीनं ऐकलं असणार.

मी रुसून भावाकडे चाललेय. इसाला सांग, आई धडधाकट आहे, कुणी न्यायला येऊ नका. शुक्रवारी आलात तर चालेल.

तिळाचं तेल कोमट करून ठेव. आजवर माझ्या डोक्याला तुला हात लावू दिला नाही. बघू, माझे कान ढिले पडतात का.

तुझी सासू