एफीच्या डोक्यावर माझी हॅट

डंडी, स्कॉटलंड, मंगळवार, ५ नोव्हेंबर १८८९

एफीला पुरून घरी आलो तर दारात पेपरचा बातमीदार! बरोबर चित्रकार. "मयताचा फोटो आहे का?" आमच्यात कुणाचा फोटो असतो? मग म्हणतो, "तुम्हीच बसा. बहिणी सारख्याच दिसतात." आईने भाबडेपणाने मला खुर्चीत बसवलं. हॅटसुद्धा काढू दिली नाही मेल्याने — "शोभते तुम्हाला!"

शनिवारी रात्री माझ्या धाकट्या बहिणीचा गळा कुणी चिरला, ते नाही विचारलं. तिला मित्र किती होते, ते मात्र दोनदा विचारलं.

शुक्रवार, ८

पहिल्या पानावर 'एफी'. तोंड माझं, हॅट माझी. खाली — 'गिरणीतली चंचल सुंदरी'! तळपायाची आग मस्तकात गेली. चंचल? रविवारी चर्चला जाणारी, घरी आईचे पाय चेपणारी पोर!

आणि हॅट कसली? एफी सूतखात्यातली. सूत कातणाऱ्या पोरी डोक्यावरून शाल घेतात. हॅट आम्ही विणकरणी घालतो. एफी हॅट घालून आली असती तर गिरणीने तिला चिडवून रडवली असती. इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं हे. पेपरवाल्यांना नाही.

आर्ची म्हणाला, "जाऊ दे गं, उद्या त्यात मासे बांधतील." माझा नवरा शांत माणूस. मी नाही.

शनिवार, ९

आजचा मथळा — 'खुनी दिसला!' भाजलेले बटाटे विकणारी मॅकफीबाई शपथेवर सांगते, चित्रातली बाई खुनाच्या रात्री, गेल्या शनिवारी, गोदीजवळ पाहिली. तीच हॅट. सोबत लाल दाढीचा लंगडा.

अगं बये, ती मी होते! आर्चीबरोबर घरी येत होते. तुझ्याकडूनच बटाटे घेतले की!

सोमवार, ११

आर्चीला नेलं. लाल दाढी, लंगडा पाय — गल्लीतल्याच कुणीतरी नाव सांगितलं. जाताना म्हणतो, "चूल विझू देऊ नकोस, येतोच मी."

चौकीत घसा फुटेस्तोवर ओरडले. फौजदार हसला. "बायको असंच बोलणार." खरा खुनी कुठेतरी बसून हाच पेपर वाचत असेल!

"मग त्या बाईपुढे उभी करा मला."

"या उद्या."

मंगळवार, १२

तीच हॅट घालून उभी राहिले. मॅकफीबाईने जवळ येऊन नीट निरखून पाहिलं.

"छे, ही नव्हे," म्हणाली. "ती तर मेली ना! पेपरात चित्र आलंय तिचं."