सायडिंगचा गंज

१२ नोव्हें.

गेले काही दिवस हे म्हणत होते, ब्रश खराब झालाय. ब्रश कसला खराब! आज दुपारी लेकीच्या, पल्लवीच्या खोलीत चहा घेऊन गेले, तर हे प्लायवर वाकून इवल्याशा रुळाला गंजाचा रंग देतायत आणि रंग रुळावर नाहीच. बाजूला, लाकडावर. बोटभर लांब पट्टा. जिभेचं टोक बाहेर काढून, मन लावून चाललेलं.

मी दारातच उभी राहिले. ह्यांनी वाळलं का बघायला रुळावर बोट फिरवलं. कोरडं. मग बाजूला चाचपलं, तिथे ओलं लागलं. ब्रश खाली ठेवला. "पुसून टाक गं," एवढंच.

डावा डोळा काचबिंदूने कधीच गेलाय. उजव्यातून नळीतून बघितल्यासारखं दिसतं. डॉ. म्हणाले होतेच, गेलेलं परत येत नाही, आहे ते धरून ठेवायचं. ते तरी कुठे धरलं जातंय.

चहा थंड झाल्यावर म्हणाले, "सुमे, सायडिंग एकदा पुरी झालेली बघू दे. मग काय व्हायचं ते होऊ दे." काय व्हायचं ते होऊ दे म्हणे! मेलं बोलणं. पण ब्रश मी उचलला.

१५ नोव्हें.

तर आता कामगार मी. अंबरनाथच्या कारखान्याची सायडिंग, म्हणजे मालगाडी आत आणायचे फाट्याचे रूळ, जशी होती तशी, पण पलंगाएवढ्या प्लायवर. ह्यांची सगळी नोकरी त्या सायडिंगवर गेली, वॅगन लावून घेण्यात. आमचं क्वार्टर समोरच. माझा सगळा संसार तिच्या खडखडाटात झाला. कारखाना बंद पडला, रूळ बरेचसे उखडून नेले. निवृत्त झाल्यावर ह्यांनी तेच छोटे करून घरात मांडले. पल्लवी लग्न होऊन गेली, तिचा पलंगही गेला आणि सायडिंग आली.

आयुष्यभर पार्लरमध्ये नवऱ्या मुली उजळवल्या, आता रूळ मळवायचे. केलं मी माझ्या पद्धतीने. आधी बेस, मग स्पंजाने सगळीकडे एकसारखं. एक रेघ कुठे दिसेल तर शपथ. ह्यांनी भिंग लावून बघितलं. बराच वेळ.

"अगं, ही सायडिंग आहे, नवरी नाही! सारखं काय थापलंयस?"

मग व्याख्यान. रुळाचा माथा चाकांनी घासून चकचकीत राहतो. गंज कडेला. सांधा बदलतात तिथे ग्रीसचा काळा चिकटा. इंजिन उभं राहायचं तिथे तेल ठिबकून मधली खडी काळी. "नवं दिसता कामा नये. रोज कुणाचा तरी पाय पडलाय असं दिसलं पाहिजे."

हे आधी सांगायला काय झालं होतं? सगळं थिनरने पुसलं. डोकं दुखतंय त्या वासाने.

१९ नोव्हें.

अंबरनाथला जाऊन आलो. हेच म्हणाले, "चल, खरा गंज दाखवतो." ईस्टला उतरून रिक्षा. कारखान्याची भिंत एका जागी पडलीय, तिथून आत. गवतात थोडे रूळ अजून आहेत. मागे पालेगावच्या बाजूला नुसते टॉवर. आमच्या क्वार्टरच्या जागी सिमेंटच्या गोण्या.

वॉचमन आलाच. "क्या काम है, काका?"
"पटरी देखने आया."
"पटरी में क्या देखनेका?"
"मिसेस को गंज दिखा रहा हूं."

तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. बिचारा गेला निघून.

ह्यांनी माझं बोट धरून रुळाच्या कडेवरून फिरवलं. गंजाचे पापुद्रे, खाली गुळगुळीत. नुसता तपकिरी नाही, आत नारिंगी, कुठे जांभळट, खाली मातीसारखा. मी इतकी वर्षं समोर राहिले आणि कधी बघितला नव्हता. चहाच्या डब्यात थोडा खरवडून आणलाय.

येताना ह्यांना दगड दिसला नाही. समोर होता, हा एवढा मोठा. गुडघा फुटला. रिक्षात बसल्यावर माझा हात धरला, तिसरा माणूस शेजारी असताना. असं कधी करत नाहीत. स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.

२६ नोव्हें.

उल्हासनगर, कॅम्प ३. पार्लरचं सामान घ्यायला जाते तेच दुकान. लालूभाईला म्हटलं, पावडरीतले सगळ्यात काळे-तपकिरी शेड काढ, आयशॅडोत विटकरी काढ, जे खपत नाही ते सगळं काढ.

"भाभी, ये तो कोई लेताच नहीं. आपकी दुल्हन कौन है?"
"लोहे की है, साईं."

हसला. मग सांगितलं त्याला कशासाठी, ह्यांच्या डोळ्यांचं. हसायचा थांबला. मागच्या फळीवरून स्वतः चढून आणखी दोन डब्या काढल्या. म्हणाला, "भाईसाब को बोलना, लालू ने याद किया." इतकी वर्षं घासाघीस करते त्याच्याशी, आज मागेल तेवढे मोजून दिले.

पावडर बेष्ट आहे. रंगाचा ब्रश जे करत नाही ते हिने होतं. कोरड्या ब्रशने चोपायची, फुंकर मारायची. गालावर लाली देतो तशीच. माझा हात ओळखीच्या वाटेला लागला.

२ डिसें.

खडी! आज खडीने जे काही केलं ते लिहूनच ठेवते.

ह्यांना हवी बारीक आणि हलकी. माझं गिऱ्हाईक आहे निशा, तिच्या नवऱ्याचं कॅम्पात जीन्स धुण्याचं वर्कशॉप. जीन्स जुनी दिसावी म्हणून ती दगड घालून धुतात. आपल्या टाच घासायच्या दगडासारखे, भोकाभोकांचे. झिजलेले टाकून देतात, ते तिने पिशवीभर दिले. मला वाटलं, काय डोकं चालवलंय! खलबत्त्यात कुटले, चहाच्या गाळणीने चाळले, रुळांमध्ये चमच्याने पसरले, ब्रशने सारखे केले. सकाळ गेली त्यात. मग पाणी घालून पातळ केलेला गोंद, ह्यांच्याच डोळ्यांच्या थेंबांच्या रिकाम्या बाटलीतून थेंब थेंब.

आणि खडी लागली तरंगायला! सगळीच्या सगळी. पाण्यातल्या कुरमुऱ्यांसारखी. रुळांखालचे आडवे स्लीपर खाली, खडी वर, आणि हळूहळू निघाली कडेकडेने.

"अहो, ही चालली!"
"कोण चालली?"
"खडी चालली!"

ह्यांनी हात लावून बघितलं आणि जे हसायला लागले. "सुमे, सायडिंगला पूर आला गं! गाड्या रद्द कर!" मी कपाळावर हात मारला तर गोंद केसांत. दोघं जमिनीवर बसून हसलो, पोट दुखेपर्यंत. हलका दगड पाण्यावर तरंगणारच, एवढी साधी अक्कल दोघांपैकी एकाला नसावी?

संध्याकाळी परत. आधी घट्ट गोंद, मग वरून खडी, मग बोटाने दाबायची. बसली.

३ डिसें.

खडी वाळली. पडदा सरकवला तर सगळी निळी. जीन्सचा रंग मुरलेला त्या दगडांत, गोंदाच्या पाण्याने सुटून वर आला.

"अहो, निळी झाली की हो सगळी!"

ह्यांनी बघितलं. वाकून, मान वाकडी करून, भिंग लावून. "कुठे निळी? छान करडी आहे."

मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत.

"असेल, उन्हाची तिरीप असेल," म्हटलं.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. रंग पण चालले. मला कुणी सांगितलं नव्हतं रंग पण जातात. का सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही?

दुपारी बसून सगळ्या निळ्यावर तपकिरी पावडर चोपली. त्यांना नाही दिसत म्हणून काय झालं.

११ डिसें.

वाईट दिवस. ह्यांच्या कोपराने सायडिंगवरचा दिव्याचा खांब मोडला. "तू हलवलास!" मी हात लावला नव्हता. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नाही हलवला, तुम्हाला दिसला नाही!"

ताट वाढलं, हे जेवले नाहीत. मीही नाही.

त्यातच पल्लवीचा फोन. आई, बाबांना तो नाद सोडायला सांग, डोळ्यांना ताण पडतो. म्हटलं, "नाद सोडून काय बघायचं गं त्यांनी, भिंत?" ती रडायला लागली. मी तिच्यावर का चिडले? तिचं काय चुकलं?

१२ डिसें.

सकाळी हे दारात. "आज सांध्याचं ग्रीस करू या का?" आमच्याकडे ह्यालाच माफी म्हणतात. काजळ आणि व्हॅसलीन कालवून केलं. हुबेहूब.

२१ डिसें.

आज छान दिवस. काथ्याचा जुना ब्रश कापून वाळलं गवत केलं, रुळांच्या मधे टोचलं. चहाचा चोथा वाळवून माती. वरून सगळ्यावर राखाडी पावडरीची धूळ, नुसती हवेत उडवून बसू दिली. प्लायवरच्या क्वार्टरच्या भिंतीला दोरी बांधली, माझ्या हिरव्या साडीच्या दोऱ्याचं धुणं वाळत घातलं.

मग भांडण. दुपारी रूळ कसे दिसायचे? मी म्हणते जांभळे. हे म्हणतात पांढरे, डोळ्यांवर यायचे. "तू खिडकीतून बघायचीस, मी उन्हात उभा असायचो." हेही खरंच. मी अर्धे जांभळट केले, अर्ध्यांचा माथा घासून पांढरा केला.

हे स्टुलावर बसून रुळाच्या पातळीला डोळा नेऊन कितीतरी वेळ बघत होते. उजवा डोळा जवळजवळ प्लायला टेकलेला. "वास तेवढा राहिला," म्हणाले. मी ते खरवडलेल्या गंजाचं डबडं नाकाशी धरलं. ह्यांनी ते हातात घेतलं. डबडं हातातून सोडलं पण नाही.

५ जाने.

डॉ.कडे. थेंबांनी भागत नाही. ऑपरेशन, २० ला. उरलंय ते राहावं म्हणून, वाढावं म्हणून नाही, आणि राहीलच असंही नाही. कधी कधी ऑपरेशनने उरलेलंही जातं. डॉ. नीट समजावून बोलतात, मला त्यांचा राग येतो.

जिना उतरताना हे म्हणाले, "त्याआधी पुरी कर." भाजी आण म्हणावं तसं. 

१४ जाने.

संक्रांत. तिळगूळ विकतचा, वळायला वेळ नव्हता. दोन नवऱ्या मुली परत पाठवल्या, दुसरीकडे जा म्हटलं. त्यांच्या आया रुसल्या. रुसू देत.

वॅगन तोलायच्या वजनकाट्याकडचं टोक तेवढं राहिलंय. तिथला रूळ अजून दुकानातून आणला तसाच आहे, चकचकीत. स्लीपर प्लास्टिकचे काळेकुट्ट, खडी पण नाही. मनगट सुजलंय, ब्रश धरवत नाही. हे रोज सकाळी, "झालं का?" लहान पोरासारखं.

म्हटलं, रविवारपर्यंत होईल.

१८ जाने.

नाही झालं. सकाळपासून बसले होते, मनगट वळतच नाही. वजनकाट्याचं टोक तसंच, उघडंनागडं. ठरवलं, सांगून टाकू की एवढं राहिलं, ऑपरेशननंतर करते.

हे आंघोळ करून आले. इस्त्रीचा शर्ट. इस्त्रीचा! कशाला, तर सायडिंग बघायला. "लाव दिवा."

सांगायचं राहिलंच. लावला दिवा.

एका टोकापासून सुरुवात केली. हळूहळू, रुळाला डोळा लावून. सांधा. ग्रीस. तेलाचा डाग. धुणं. मधेच थांबत, मान हलवत. मी मागे मागे. चालत चालत वजनकाट्याशी आले. आता विचारतील म्हटलं. वाकले. त्या कोऱ्या प्लास्टिकवर. बघत राहिले, सगळ्यात जास्त वेळ तिथेच. मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले,

"हे टोक सगळ्यात छान जमलंय तुला. काय गंज आलाय गं इथे."

मी म्हटलं, "हो ना. इथे वेळच लागला."

"दिसतंय ते," म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आता परवा बॅग भरून निघायचं. हे बाहेर रेडिओ ऐकतायत, सूर लावतायत मधून मधून. मी ह्या खोलीत.

त्यांना तो कोरा रूळ खरंच दिसला नाही? का दिसला, आणि मी खपले हे बघून बोलले तसं? डोक्यावर हात का ठेवला? विचारायची सोय नाही.

पावडरीची डबी उघडी आहे. ते टोक आता रंगवू, का तसंच ठेवू?