फाटलेली कॉलर

रविवार, संध्याकाळ. भिलाई

आज चर्चमध्ये साक्ष दिली. वीस वर्षांपासून तीच देतो. रसमड्याच्या फॅक्टरीत माझ्याच घाईने शिडीवरून पाय घसरला, खाली तापलेले पत्रे होते, आणि प्रभूने कॉलर धरून मला वर ओढलं. लोक "आमेन" म्हणतात, मी खाली बसतो.

आज मात्र मागच्या बाकावर गौतम दिसला. माझ्यासोबत त्याच शिडीवर काम करणारा गौतम. नातीच्या वाढदिवसाला जेवायला बोलावलं होतं, तर हा सरळ चर्चमध्येच आला. कॉलर धरणारा हात त्याचाच होता. आणि मी त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. कावून? प्रभूचा मान कमी झाला असता? की बौद्ध माणसाचं नाव चर्चमध्ये कसं घ्यायचं म्हणून? लिहितानाही लाज वाटून राहिली.

घरी जेवायला बसलो. शेवटी म्हटलं, "गौतमभाऊ, चुकलं माझं."

तो रस्सा वाढून घेत हसला. "मी तं देवाले मानत नाही, पॉलभाऊ. पण तुमची कॉलर फाटली होती, थे सांगाचं राहिलं. लय घाबरलो होतो मी, हात थरथरत होते."

म्हणजे ज्याला मी प्रभूचा हात म्हणत आलो, तो भीतीने थरथरत होता. तरी सुटला नाही. कॉलर फाटली, हात सुटला नाही.

लगेच पाळकांना फोन केला. म्हटलं, माझी साक्ष अर्धीच झाली, पुढच्या रविवारी पाच मिनिटं द्या.

गौतमला विचारलं, येशील?

"येतो ना," म्हणाला. "पण आता समोरच्या बाकावर बसतो."