उचलला म्हणजे कुशल

सोमवार, ३ जून
सुटलो एकदाचे! एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आमची कंपनी रोज संध्याकाळी फोन करणार, सरकारी खातं त्याचे पैसे देणार — एवढाच तर करार. पण माणूस कुशल आहे हे ठरवायचं कशावरून, यावर महिनाभर घोळ. खात्याची बाई म्हणे डॉक्टर पाठवा, आमचे साहेब म्हणे परवडत नाही. शेवटी मीच मसुद्यात लिहिलं: फोन उचलला म्हणजे कुशल. दोघांनीही लगेच सह्या केल्या. मी आपली शेफारले!

यादीत आत्याचंही नाव घातलं. माझ्यासारखी आईविना पोर तिने वाढवली, आणि त्या पोरीला रोज एक फोन करणं जमत नाही. आम्हा दोघींना दुसरं आहे तरी कोण?

शुक्रवार, १४ जून
सगळे कुशल. आत्याही.

मंगळवार, १८ जून
फोन करणारी मुलगी माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, तुमच्या आत्या पहिल्याच रिंगला उचलतात, पण बोलत नाहीत. नुसता चमचा वाजतो, चहा ढवळल्यासारखा. मला हसू आलं. आत्या चहा निवेपर्यंत ढवळत बसते, जुनी खोड.

मग मी स्वतः फोन लावला. वाजतच राहिला. रुसली असेल माझ्यावर.

बुधवार, १९ जून
माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. आत्या खुर्चीत. डॉक्टर म्हणाले, जाऊन बरेच दिवस झालेत.

माझी आत्या. आणि बरेच दिवस!

फोनची वायर भिंतीतून उपटून नीट गुंडाळलेली, वर रबर. तिचंच काम — विक्रीवाल्यांच्या फोनला वैतागायची. अहवालात मात्र कालपर्यंत कुशल.

सोमवार, २४ जून
मीटिंगमध्ये म्हटलं, ती व्याख्या बदला. खात्याची बाई समजूत घातल्यासारखी म्हणाली, फोन तर रोज उचलला गेला होता. कोणी उचलला, मी विचारलं. साहेब कागद चाळत म्हणाले,

"ते करारात नाही."

रविवार, ३० जून
घर आवरायला आत्याकडेच राहिलेय. संध्याकाळी तिचा फोन वाजला. वायर गुंडाळलेलीच! मी हात लावला नाही, देवाशपथ. दोनदा वाजून थांबला, कोणीतरी उचलल्यासारखा. मग स्वयंपाकघरात चमचा.

आणि माझ्या तोंडातून निघालं काय, तर — आत्या, बास गं, निवला चहा.

चमचा थांबला. मी तिथेच बसून रडले.

गुरुवार, ४ जुलै
माझा मोबाइल वाजला. तीच मुलगी. साहेबांनी तुमचंही नाव यादीत घातलंय ताई, एकट्याच राहता ना. कशा आहात?

मी बोलले. पुन्हा बोलले. मग ओरडले.

"साहेब, इथेही नुसता चमचाच वाजतोय," ती म्हणाली.

"उचललाय ना? मग कुशल लिही."