शिंक आणि शिक्का

नान्ना,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर डिसेंबरात माझी नोकरी गेली होती हेही सांगावं लागेल आणि तुम्ही विचाराल, "त्या दिवशी निघताना शिंकलं कोण?"

मी अमेरिकेला निघाले तेव्हा उंबऱ्यात धाकटे काका शिंकले होते. टॅक्सी हॉर्न वाजवत होती, तरी तुम्ही मला परत आत नेऊन बसवलंत, पाणी पाजलंत आणि मग निघू दिलंत. राजमंड्री स्टेशन येईपर्यंत मी फुगून बसले होते.

आता गंमत ऐका. नवी नोकरी मिळाली, पण मधल्या काळात मी इथे पर्यटक व्हिसावरची नुसती पाहुणी झाले होते. वकीलबाई म्हणाल्या, "देशाबाहेर जा आणि पुन्हा आत ये, म्हणजे कामाचा व्हिसा परत लागू होईल." म्हणजे अमेरिकेचं सरकारही तुमच्याच पंथातलं निघालं!

डेट्रॉइटचा पूल ओलांडून कॅनडात गेले. परतताना सीमेवर आत घेतलं नसतं, तर बिऱ्हाड अलीकडे आणि मी पलीकडे!

अधिकाऱ्याने विचारलं, "कॅनडात काय केलंत?"

"बाकावर बसले. पाणी प्यायले."

"बस, एवढंच?"

"आमच्याकडे असंच करतात."

तो खो खो हसला आणि शिक्का मारला.

आज कामाचा पहिला दिवस. मघाशी दाराला कुलूप लावताना मीच शिंकले. बघायला कोणी नव्हतं, नान्ना. तरी परत आत येऊन बसले, म्हणून तर हे लिहून झालं. पाणीही पिऊन झालं.

जाऊन येते.

तुमची लेक,
हिमबिंदू